भट्टीतले महाराज आणि गार डबा

ताओयुआन शहरातल्या एका कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जोडणीच्या बायका, गोदामातले हमाल, कचेरीतल्या मुली, झाडून सगळे भट्टीच्या, म्हणजे माल तापवायच्या बंद खोलीच्या, काचेला नाक लावून उभे होते. आत पिवळ्या रेशमी झग्यात लुओ महाराज मांडी ठोकून बसले होते. दारावरच्या पडद्यावर तांबडा आकडा होता: पंचावन्न अंश. पाऊण तास झाला तरी महाराजांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

एरवी त्या खोलीत माल ठेवायला गेलेली बाई दोन मिनिटांत लालबुंद होऊन बाहेर पडायची. महाराज मात्र पंख्याखाली बसावं तसे बसले होते. कोणी हात जोडले होते, तर कोणी मोबाइलवर चित्रण करत होतं. कारखान्याचे मालक कुंग साहेब हमालांच्या कानात सांगत होते की आपलं नशीब उघडलं.

या गर्दीत एकच माणूस वैतागलेला होता. ती म्हणजे तपासणीची इंजिनीअर फान सू-छिंग. वय एकतीस, आणि डोक्यात एकदा शंका शिरली की तिला जेवण गोड लागत नसे.

या कारखान्यात श्वासाच्या यंत्रांचे सर्किट बोर्ड बनत. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो ते लोक हे यंत्र नाकाला लावून झोपतात. बोर्ड बनला की त्याला दोन दिवस भट्टीत, पंचावन्न अंशांवर, पूर्ण ताकदीनं चालवायचं. ज्याचा टाका कच्चा किंवा ज्यातला भाग नासका, तो बोर्ड बहुधा या दोन दिवसांतच मान टाकतो. हजारातले आठ-दहा जायचेच. भट्टी असते ती त्यांना गाठण्यासाठी. बाराशे बोर्ड शुक्रवारी इस्पितळांकडे निघायचे होते, आणि त्यांच्या कागदावर सही सू-छिंगची लागणार होती.

महाराज आल्यापासून नऊ दिवसांत एकही बोर्ड मेला नव्हता.

महाराजांना आणलं कुंग साहेबांनी. मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर हिरव्या पिशवीतला खाऊ ठेवायची रीत इथे सगळीकडेच आहे. पिशवी हिरवीच हवी, मुदत संपलेली नको, आणि एकदा ठेवली की तिला कोणी बोट लावायचं नाही. सू-छिंगच्या स्वतःच्या मशीनवरही एक होती. पण साहेबांना पिशवीनं भागेना. त्यांना हजारात शून्य मेलेले हवे होते. मग लुओ महाराज आले, भट्टीच्या दारावर तांदळाच्या दारूची चूळ फवारली, आणि म्हणाले, "या खोलीला तिसरा डोळा आहे. तो उघडा पडलाय. त्याच्यापुढे दिवा हवा."

मग भिंतीलगत कमळाच्या आकाराचा विजेचा तांबडा दिवा बसला. तो बसवताना महाराजांनी तासभर मंत्र म्हटले. दिवा बोटभर पुढे घ्यायचे, बोटभर मागे सारायचे, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्याकडे बघायचे. आकडा पंचावन्नवर ठरला तेव्हा मंत्र संपला. हे त्या वेळी कोणाला खटकलं नाही, सू-छिंगलाही नाही. नंतर तिनं त्याबद्दल स्वतःला बऱ्याच शिव्या घातल्या.

तिनं साहेबांना म्हटलं, "नऊ दिवसांत एकही मेला नाही, हे वाईट लक्षण आहे."

साहेब म्हणाले, "तुझ्या तोंडात शुभ कधी येतच नाही का गं? माल चांगला निघतोय तर तुझं पोट का दुखतंय?"

शेजारी महाराज होतेच. ते हसून म्हणाले, "पोरीच्या राशीत अग्नी आहे. तिला जळलेलंच आवडतं." सगळे हसले, सू-छिंग चरफडत जेवायच्या खोलीत गेली.

तिथे आ-चू मावशी कुरकुरत बसली होती. आ-चू मावशी म्हणजे जोडणीतली सगळ्यांत जुनी बाई. चोवीस वर्षं टाके लावतेय आणि तितकीच वर्षं तक्रार करतेय. डब्यातला डुकराच्या मटणाचा रस्सा थिजून त्यावर पांढरी साय धरली होती. मावशी म्हणाली, "देव आला कारखान्यात आणि माझा डबा गार पडला. नऊ दिवस झाले थिजलेलं गिळतेय."

सू-छिंगनं विचारलं, "डब्याचा आणि देवाचा काय संबंध?"

मावशीनं जीभ चावली. बाजूच्या वीस-पंचवीस बायका एकदम आपापल्या चपलांकडे बघू लागल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कित्येक वर्षं या बायका सकाळी आपले स्टीलचे डबे भट्टीत खालच्या रॅकमागे सरकवून ठेवत आणि बाराला गरमागरम काढून जेवत. महाराज आल्यापासून मात्र तिथेच ठेवलेले डबे गार निघत, आणि आत उकडत नाही ती महाराजांची कृपा, असं त्या समजत. भट्टीत अन्न नेणं म्हणजे नोकरीवर पाणी, म्हणून कोणी चकार शब्द काढत नव्हतं. माशाचा वास आला की दोष गटाराला द्यायचा, हे ठरलेलं.

सू-छिंग घास तसाच टाकून उठली. प्रथमोपचाराच्या खोलीतून, म्हणजे नर्सबाईंकडून, तिनं भिंतीवरचा साधा थर्मामीटर मागून आणला आणि भट्टीत रॅकवर टांगला. अठ्ठावीस अंश. पडद्यावर पंचावन्न. ज्याला महाराज तिसरा डोळा म्हणत होते, ती भिंतीतून बाहेर आलेली करंगळीएवढी धातूची कांडी होती. खोली किती तापली हे भट्टीला त्या कांडीवरून कळायचं. अशा चार कांड्या होत्या. तीन बिघडल्या होत्या आणि काटकसरी कुंग साहेबांनी त्या बदलल्या नव्हत्या. उरलेल्या एकीला दिवा शेकत बसला होता. कांडी तापली की भट्टी समजायची, झालं, पुरेसं तापलं, आणि शेगडी बंद करून टाकायची. बोर्ड नऊ दिवस थंड हवेत मजेत पडून होते.

तिनं दिवा काढायला हात पुढे केला तर दारावरचा पहारेकरी आडवा आला. "ठेवलेल्याला हात लावायचा नसतो, बाई," तो म्हणाला. साहेबांनीही ऐकलं नाही. थर्मामीटरच खोटा असेल म्हणाले.

"उद्या शुक्रवार," सू-छिंग मावशीला म्हणाली, "मी सही केली नाही तर ते दुसऱ्याची घेतील. तुमच्या डब्याचं सांगितलं तर लोकांना पटेल. पण तुमची नोकरी जाईल."

मावशीचा नवरा हेच श्वासाचं यंत्र लावून झोपायचा. मागच्याच आठवड्यात जुनं यंत्र बाजूला ठेवून तिनं कामगारांच्या सवलतीत नवं घरी नेलं होतं, आणि त्यातला बोर्ड याच नऊ दिवसांतला होता.

शुक्रवारी माल निघण्याआधी महाराज पुन्हा सगळ्यांसमोर भट्टीत बसले. तास भरेपर्यंत उठणार नाही असा त्यांचा पण होता. दहा मिनिटं झाली आणि आ-चू मावशी दार ढकलून आत गेली. महाराजांच्या शेजारी फतकल मारून बसली, सकाळपासून रॅकमागे ठेवलेला डबा काढून उघडला आणि जेवू लागली.

सू-छिंगनं दार उघडं धरलं.

मावशी तोंडात घास ठेवून म्हणाली, "मलाही सिद्धी मिळाली वाटतं. पंचावन्न अंशांत बसलेय आणि रस्सा अजून थिजलेलाच आहे. साहेब, चोवीस वर्षं मी इथे डबा गरम करतेय. काढा मला कामावरून, पण आधी हा घास खाऊन बघा."

कुंग साहेबांनी घास खाल्ला. त्यांचा चेहरा बघून बाकीच्या बायकाही आपापले डबे घेऊन आत शिरल्या. खोली माणसांनी भरली, आणि त्या गडबडीत मावशीनं कमळाचा दिवा हातभर बाजूला सरकवला. पहारेकरी दारातच अडकला होता.

पडद्यावरचा आकडा घसरू लागला. पन्नास, चाळीस, एकोणतीस. भट्टीला थंडीची जाणीव झाली आणि शेगडी धडाडून पेटली. बायका डबे घेऊन बाहेर पळाल्या. महाराज पणामुळे बसून राहिले. चाळीस अंशांना त्यांनी झग्याचं बटण काढलं. अठ्ठेचाळीसला टोपी काढली. बावन्नला ते ताडकन उठले, पण दाराकडे आलेच नाहीत. मागच्या भिंतीतली झडप नखानं उघडली आणि आतलं बटण पटकन खाली ओढून शेगडी बंद केली. ते बटण तिथे आहे हे इंजिनीअर सोडून कारखान्यात कोणालाच माहीत नव्हतं.

"महाराज," सू-छिंगनं विचारलं, "भट्ट्या दुरुस्त करायचं काम कधी सोडलंत?"

महाराज घाम पुसत मागच्या जिन्यानं खाली गेले ते पुन्हा दिसले नाहीत.

बाराशे बोर्ड पुन्हा भट्टीत गेले, या वेळी खऱ्या पंचावन्नात. मावशीनं नवऱ्याच्या नव्या यंत्रातला बोर्डही आणून त्यांत लावला. घरी नवरा जुन्या, खरखरणाऱ्या यंत्रावर झोपला. बाराशेपैकी तेरा मेले. प्रत्येक वेळी आकडा वाढला की कुंग साहेब छातीवर हात ठेवायचे. सू-छिंगनं त्यांना समजावलं की साहेब, मेलेला दिसला तर घाबरू नका, दिसला नाही तर घाबरा. जो चमत्कार वाईट बातमी बंद करतो त्याच्याकडे आधी थर्मामीटर घेऊन जायचं. एवढंच शहाणपण पुरतं, त्याला पदवी लागत नाही.

मावशी काम संपलं की काचेसमोर स्टूल टाकून बसायची. एकतिसाव्या तासाला तिच्या बोर्डाचा चालू असल्याचा हिरवा दिवा विझला.

तिनं सू-छिंगचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "मेला गं. बरं झालं, इथे मेला."