तीनदा हाक मारायचा नियम

आमची कंपनी दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळते. म्हणजे यंत्रं त्यांची, काम त्यांचं, आणि बंद पडली की शिव्या आमच्या. मी तिथला राखणदार. पण मी स्वतः काही राखत नाही, राखणारा प्रोग्राम बसवतो. तो दर पाच मिनिटांनी प्रत्येक सर्व्हरला विचारतो, ‘आहेस का?’ सर्व्हर म्हणतो, ‘आहे.’ एवढ्याशा संभाषणावर सत्तावीस जणांचं पोट चालतं.

पूर्वी एकदा उत्तर आलं नाही की लगेच बोंब व्हायची. नेटवर्कला नुसती उचकी लागली तरी सगळ्यांचे फोन वाजायचे, आणि पुढेपुढे तर फोन वाजला तरी कुणी बघेनासं झालं. तेव्हा मी नियम बदलला. सलग तीन वेळा उत्तर आलं नाही, तरच सर्व्हर बंद धरायचा. महिन्याच्या अहवालातल्या लाल रेघा हिरव्या झाल्या आणि त्यासाठी एकाही यंत्राला हात लावावा लागला नाही. साहेबांनी भर बैठकीत माझी पाठ थोपटली. या नियमाचा परिच्छेद मग इस्पितळांसकट सगळ्यांच्या करारातही गेला, माझ्याच शब्दांत.

माझी थोरली बहीण एका इस्पितळाच्या अँब्युलन्स डेस्कवर बावीस वर्षं बसायची. त्या इस्पितळाचे सर्व्हर आमच्याकडे आहेत. याची वाच्यता आम्ही दोघं फारशी करत नसू. स्क्रीन अडकली की ताई मला फोन करून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि त्या पिढ्या तिच्याही होत्या.

काही महिन्यांपूर्वी एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी तिच्या डेस्कवर फोन आला. एक निवृत्त चित्रकला शिक्षक न्हाणीघरात कोसळले होते. ताईने पत्ता टाकायला घेतला तर स्क्रीन ढिम्म. तिने पत्ता वहीत उतरवला आणि ड्रायव्हरला फोनवर सांगितला. पण संगणकाने दिलेला फेरीचा नंबर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा तिथला नियम. ड्रायव्हर सहा मिनिटं नंबर मागत राहिला. मग ताईने जे काही सुनावलं त्यानंतर तो निघाला. मास्तर वाचले, पण उजवी बाजू गेली. त्यांच्या मुलाने तक्रार केली की गाडी उशिरा आली. तक्रार रास्त होती.

तीन आठवड्यांनी ताई माझ्या घरी आली, चपला काढायच्या आधीच तिने नोटीस टेबलावर ठेवली. कामात हलगर्जी, डेस्कवरून का काढू नये याचा खुलासा करा, चौकशी पुढच्या शुक्रवारी. सोबत आमच्या कंपनीचा अहवाल जोडलेला. त्या दिवसाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी, आणि खाली ‘तयार करणार’ या शब्दांपुढे माझी आद्याक्षरं.

“हे तुझंच ना?”

मी हो म्हणालो.

“म्हणजे मी खोटारडी.”

मी लॅपटॉप उघडला. अहवालात येत नसल्या तरी सगळ्या हाका आतल्या नोंदीत महिनाभर राहतात. अकरा पाचला उत्तर होतं. अकरा दहाला नाही, अकरा पंधराला नाही. अकरा वीसला पुन्हा होतं. दोन हाका रिकाम्या गेल्या होत्या, आणि नियमाला तीन लागत होत्या. मी तिला हे समजावून सांगितलं. समजावताना माझा आवाज बैठकीतल्यासारखा झाला, हे माझं मलाच ऐकू आलं.

“तुम्ही तीनदा हाक मारून बघता,” ताई म्हणाली. “आमच्याकडे लोक एकदाच फोन करतात रे.”

दुसऱ्या दिवशी मी ती नोंद घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांचा स्वभाव उशीसारखा आहे, कुठेही गुद्दा मारा, आत जातो आणि उशी पुन्हा होती तशी. त्यांनी कागद दोनदा वाचला, चहा मागवला आणि सांगितलं की व्याख्येनुसार सर्व्हर बंद नव्हता. मी म्हटलं, व्याख्या माझीच आहे, चुकली असं समजा. ते म्हणाले, व्याख्या सही होईपर्यंत तुझी होती, आता कराराची आहे. आणि चौकशीला मुळीच जाऊ नकोस. तू गेलास तर तिचंच नुकसान, घरचं सर्टिफिकेट कोण मानतं?

मी गेलो. साहेबांचं म्हणणं खरं ठरलं, याचा राग अजून गेलेला नाही.

समितीत तिघं होते. अध्यक्षबाई डॉक्टर होत्या, एक प्रशासनाचे गृहस्थ आणि एक निवृत्त अधिकारी, ज्यांचं वय बघून त्यांना संगणक समजावून सांगायला कुणी धजत नव्हतं. ताईची वही टेबलावर उघडी होती. पत्त्यापुढे वेळ लिहिलेली, अकरा सात. प्रशासनाचे गृहस्थ म्हणाले, हे कधीही लिहिता येतं. मी माझा कागद वहीशेजारी ठेवला.

अध्यक्षबाईंनी तो लक्ष देऊन वाचला. “म्हणजे त्या वेळी यंत्रणा चालू होती की बंद?”

“नियमाप्रमाणे चालू. खरं विचाराल तर बंद.”

“आम्हाला एकच लिहायचंय.”

“मग बंद लिहा.”

“हा तीनचा नियम कुणी केला?”

“मी.”

“आणि हा कागद कुणी काढला?”

“मीच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. आमची नाकं एका साच्यातली आहेत. “तुम्ही यांचे कोण?”

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, “धाकटा भाऊ. लहानपणापासून असाच आहे. आधी पसारा करतो, मग सांगायला येतो.”

निवृत्त अधिकारीसुद्धा हसले. त्या हसण्यात माझा कागद वाहून गेला, असं मला वाटलं. ताईला तसं वाटलं नाही. तिच्या मते तो दारातून आत आला तेव्हाच वाहून गेला होता.

आठवड्याने निकाल आला. करारातील व्याख्येनुसार यंत्रणा चालू होती. सादर झालेली नोंद नातेवाइकाने काढलेली असल्याने विचारात घेता येत नाही. तथापि बावीस वर्षांची सेवा पाहता सौम्य धोरण स्वीकारून कर्मचारी महिलेस ताकीद देण्यात येते आणि तिची बदली तळमजल्यावरील जुन्या कागदपत्रांच्या खोलीत करण्यात येते. ताईने सही केली. त्या खोलीत फोन नाही. तिथे बसून कंटाळा येतो का, असं मी विचारलं, तर म्हणाली, कंटाळा नाही येत, पण कान वेडे झालेत, काही वाजलं नाही तरी हात पुढे जातो.

मास्तरांना ती एकदा बघून आली. ते डाव्या हाताने रेघ ओढायला शिकतायत, एवढंच तिने सांगितलं.

मी इकडे कुणालाही न विचारता इस्पितळाच्या त्या एका सर्व्हरचा नियम बदलला. दर मिनिटाला हाक, आणि एकदा जरी उत्तर आलं नाही तरी सूचना, ती फक्त माझ्या फोनवर. दिवसातून वीस-पंचवीस वेळा फोन चिवचिवतो. मी लगेच डेस्कवर फोन लावून विचारतो, स्क्रीन चालू आहे ना? ताईच्या जागी आलेली बाई आता माझा आवाज ओळखते. “चालू आहे हो काका, तुमचं काय?” म्हणते आणि ठेवून देते. साहेबांना कळलं तेव्हा ते फक्त म्हणाले, अशाने तू लवकरच फोनकडे बघणं सोडशील. याही बाबतीत त्यांचं म्हणणं खरं ठरेल अशी भीती आहे. परवा दोन वेळा मी पाहिलंच नाही.

रविवारी दुपारी ताईकडे गेलो होतो. ती दोरीवरचे कपडे आणून घड्या घालत होती. फोन चिवचिवला. मी डेस्कचा नंबर लावला. तो लागेना, व्यग्र होता. व्यग्र म्हणजे तिथे कुणीतरी बोलत होतं. चांगलं की वाईट, ते मला इकडून कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात फोन पुन्हा चिवचिवला.

“किती झाले?” ताईने विचारलं.

“दोन.”

तिने हातातला सदरा खाली ठेवला, स्वतःचा फोन घेतला आणि न बघता एक नंबर दाबला. ड्रायव्हरचा. बावीस वर्षांतले सगळे ड्रायव्हर तिला पाठ आहेत.

“कुठे आहेस? गाडीत बस,” ती म्हणाली. “हो, माहितीये मला, मी आता डेस्कवर नाही. बस आधी. पत्ता तोंडी आला तर तोंडी घे, नंबरची वाट बघू नकोस. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. अजून काय करणारेत मला?”

पलीकडून तो काहीतरी म्हणाला. ताई फोन कानाला लावून, इंजिन सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत तशीच उभी राहिली.