नऊ फूट पाणी

मी काठी बोलतेय. दिघोरीजवळच्या एका गावतलावाचं पाणी मोजणारी बांबूची काठी. माझ्याकडे बघून एकजण आकडा सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात. मला त्या आकड्याचा पहिल्या वर्षापासून संशय आहे.

पुंडलिकरावांनी मला त्यांच्या घरामागच्या बांबूच्या बेटातून तोडलं आणि तापलेल्या सळईने एकेका फुटावर खूण उमटवली. मच्छीमार सोसायटीत ते सगळ्यात जुने. दिवाळीनंतर तलावात फांद्यांचे भारे दगड बांधून बुडवतात. फांद्यांवर शेवाळ धरतं, आडोसा मिळतो, मासे जमतात. भारे कुठे आणि किती खोल सोडायचे, हे पुंडलिकराव ठरवतात. त्यांना उलट विचारायचं नाही. वय झालं की माणूस चुकत नाही, असं सोसायटीने कधी ठरवलं कुणास ठाऊक.

डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, उभे राहून ते मला सगळा जोर लावून खाली खुपसायचे. पाणी सहा फुटांवर संपायचं, पुढचे तीन फूट मी गाळात शिरायचे. वर काढताच ते माझा काळा झालेला भाग पाण्यात खळबळून धुवायचे आणि पाळीवरच्यांना, म्हणजे तलावाच्या बांधावर उभ्या लोकांना, ओरडून सांगायचे, "नऊ फूट." धुवायची एवढी घाई कशाला?

मागच्या वर्षी असेच वीस भारे सोडले. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा मासे नव्हते आणि भारेही नव्हते. पुंडलिकराव म्हणाले, "बायांनी नेले सरपणाले." गावातल्याच पंचफुलाच्या अंगणात वाळक्या फांद्या सापडल्या. कोणाच्या अंगणात नसतात? पण माना डोलल्या, आणि पंचफुला चोर ठरली.

यंदा बायांच्या गटाने तलावाचा एक कोपरा मागितला. सोसायटीने दिला, होळीपर्यंत. तोवर मासे जमले नाहीत तर बायांनी तलावाचं नाव काढायचं नाही. आणि ज्यांनी सभेत विरोधात हात वर केला होता, ते पुंडलिकराव स्वतःहून जागा दाखवायला आले. मी सावध झाले. डोंग्यात त्यांच्यासमोर बसलेली रिताही. ती पंचफुलाची पुतणी, बी.एस्सी. झालेली.

"नऊ फूट," पुंडलिकराव म्हणाले आणि मला धुवायला वाकले. रिताने मला मधेच धरलं.

"थांबा आबाजी. हे काळं काय होय?"

"गाळ होय. तलावात का पेढे राह्यतेत?"

"मंग पाणी सहाच फूट झालं. धानाले पाणी सोडलं का चार फूट उतरते. मासे कुठं राह्यतीन, तुमच्या धोतरात?"

पाळीवर पंचफुलाला हसू आवरेना. "रिता, मोठे होत ते."

"मोठे हायेत म्हणूनच विचारून राहिली, काकी."

पुंडलिकरावांनी डोंगा पाळीला लावला आणि ते उतरून गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पंचफुलाने फुटक्या पितळी गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण आणलं आणि रिताने ते माझ्या बुडाशी ठोकलं. खिळे दुखले. पण आता मी गाळावर टेकते, आत शिरत नाही. तीन दिवस आम्ही कोपरा पालथा घातला. कुठे सहाच फूट. कुठे अकरा, पण तळाचं पाणी कुजकं; तिथे मासा थांबत नाही. शेवटी मुरमाचा टणक तळ लागला. खरं पाणी आठ फूट, उतरल्यावर चार उरेल असं. तिथे तीन-तीन फुटांचे भारे उभे सोडले.

पंधरा दिवसांनी रिताने मला भाऱ्यांच्या कडेला सोडलं. खाली काहीतरी धडकलं. लाट असेल, म्हटलं. मग डावीकडून धडकलं. मग लागोपाठ दोनदा. रिताच्या बोटांना ते कळलं.

पाळीवरून पुंडलिकरावांनी विचारलं, "मासे लागले का?"

"या, हातानंच पाहा."

ते आले. दोन्ही हातांनी मला धरून त्यांनी धक्के मोजले. मग खाली बघतच म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात म्या पाय घालून पाह्यलं होतं. भारे तिथंच होते. गाळाखाली."

"मंग काकीले चोर काहून केलं?"

"चाळीस वर्सांत पहिल्यांदा चुकलो. कसं सांगू?"

"चोर म्हणून सांगतलं होतं ना, तसंच. सगळ्यायसमोर."

"सांगतो. उद्याच्या सभेत."

पहिल्यांदा? मी त्यांच्या हातात तीन वर्षं आहे, आणि तिन्ही वर्षं धुतली गेले आहे. माझा विश्वास बसला नाही. रिताचाही नाही; तिने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

आता मी पंचफुलाच्या दाराशी उभी आहे. मासे आले, कोपरा कदाचित राहील. पण चोर कोण नव्हतं, हे अजून कोणी मोठ्याने म्हटलेलं नाही. सभेला काठीला बोलावत नाहीत आणि बायांना मागे बसवतात. तुम्ही उद्या जाणार असाल तर एवढं करा: विषय निघण्याआधी पुंडलिकराव चहाच्या निमित्ताने उठले, तर दारात उभे राहा.