उतरा की टेकव

बलून खाली आणताना वॉकीटॉकीवर ‘उतरा’ म्हणायचं नाही, ‘टेकव’ म्हणायचं, हे तिने नवऱ्याला निदान शंभरदा सांगितलं असेल. बलून ती उडवायची आणि तो खालून जीप घेऊन मागे धावायचा. टेकतो तो बलून, उतरतात ती माणसं. एवढं साधं! पण हा गृहस्थ मान डोलवायचा आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचा.

त्या दिवशी बलूनच्या टोपलीत एक भरभक्कम ठेकेदार होते, त्यांचा तितकाच वजनदार मेहुणा होता आणि सासूबाई होत्या. सासूबाईंना आणायची हौसही याचीच. “आईला एकदा फिरवून आण की,” म्हणून महिनाभर डोकं खाल्लं होतं. त्यात ठेकेदारांचे फोटोच संपेनात. निघायला तासभर उशीर झाला, ऊन चढलं, वाऱ्याने जोर धरला. खाली येताना टोपली कापणी झालेल्या शेतावर आपटली, उसळली, पुन्हा आपटून फरफटू लागली. समोर विजेच्या तारा.

वॉकीटॉकी खरखरली, “उतरा! तिथंच उतरा, लवकर!”

तिने तोंड उघडायच्या आत ठेकेदार आणि मेहुणा कठड्यावरून टुणकन बाहेर पडले. काय ती आज्ञाधारक माणसं! दोनशे किलो वजन कमी झाल्यावर बलून कशाला जमिनीवर थांबतोय? तो भसकन उचलला गेला आणि थेट तारांकडे निघाला.

“आई, खाली बसा! टोपलीतला दोर धरा, काही झालं तरी सोडू नका!”

झडपेच्या लाल दोराला ती अक्षरशः लोंबकळली. वरची झडप सताड उघडली, गरम हवा निघून गेली, टोपली धाडकन आदळून आडवी झाली. तारा वीस पावलांवर राहिल्या.

नवरा धावत आला, चेहरा पांढराफटक. “आई, उतर! आधी उतर तू!”

अंगाचं मुटकुळं करून पडलेल्या सासूबाईंनी दोर आणखी घट्ट धरला. “तू गप बस. तुझ्या त्या उतरा-उतरापायी जीव जात होता आमचा. ती सांगेल तेव्हा उतरेन.”

तिला संताप आला होता, हसू येत होतं आणि सगळ्यांत जास्त रडू येत होतं. सांगायचा होता तो एकच शब्द, पण बलून पुरता निपचित पडेपर्यंत ती तो सांगणार नव्हती. त्या दोघी तशाच आडव्या टोपलीत पडून राहिल्या, आणि नवरा पहिल्यांदाच तोंड मिटून तिच्या शब्दाची वाट बघत उभा राहिला.