धीरजला बोट लागायची

सातवीपर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलाही लाजायचे. आता माइक हातात आला की सोडत नाही. त्यामुळे "शहीद धीरज तांडेल आपल्या शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या स्मृतिदिनाला कोण बोलेल?" असं प्रियदर्शिनी मॅडमनी विचारलं, तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उभी होते.

नेटवर मिळालं ते कुणालाही मिळेल. तारापूरजवळच्या किनाऱ्यावर जन्म, बोईसरला दहावी, सैन्यात भरती, बर्फाचा कडा कोसळून वीरमरण. फोटो एकच, वर्दीतला. मला असं काहीतरी हवं होतं जे फक्त माझ्याकडे असेल.

रविवारी शेअर रिक्षानं त्यांच्या गावी गेले. माझी मैत्रीण हिमानी येणार होती, पण ऐन वेळी तिचा क्लास निघाला. गावाच्या तोंडाशीच धीरजदादाच्या नावाची कमान आहे. तिथं बसलेल्यांना विचारलं, ते कसे होते?

"वाघ होता," एक काका म्हणाले.

"आणखी?"

"वाघच."

दुकानदारही तेच म्हणाला. मी वहीत वाघ लिहून पुढे गेले.

त्यांची आई, चंद्रकांतामावशी, किनाऱ्यावर बोंबील सुकत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. पलीकडे बायकांचा घोळका खिदळत काम करत होता. मावशी मात्र दोरीच्या या टोकाला एकटीच.

"तुम्ही तिकडे नाही बसत?"

"मी गेले का त्या मस्करी बंद करतात," ती म्हणाली. "शहिदाची आई ना मी. माझ्यासमोर हसायचं कसं? तू कोन, बाय? शाळेतली? मंग तुलापन वाघच पायजे असंल."

"नाही," मी म्हटलं. वही मिटली.

तिनं हातातली जोडी दोरीवर टाकली. मग म्हणाली, "त्याला बोट लागायची."

मला आधी खरंच वाटेना. मासेमाराच्या पोराला बोट लागते?

"खाडीचं तोंड आलं का वकायला सुरू. बापानं लिंबू दिलं, आलं दिलं, मारपन दिला. मंग इथं बसायचा, बायांच्यात. बोंबील माझ्यापेक्षा भरभर टाकायचा. पोरं त्याला धीरजबाय बोलायची. भरतीला निघाला तवा बोलला, आये, मी सायबाला सांगनार, जिथं पानी नाय तिथं धाडा." ती हसली, मोठ्यानं. पलीकडच्या बायका वळून बघायला लागल्या. "आनि गेला बर्फात. बर्फ म्हंजे पानीच ना, बाय?"

मी वही पुन्हा उघडली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "हे भाषनात नको." तिचा मोठा मुलगा बन्सीदादा, खांद्यावर जाळं. "लोक हसतील."

"हसू दे."

"कमान हाय गावात त्याच्या नावाची. तिच्याखालून जाताना लोकांनी दात काडायचे?"

"कमान तुमची," मावशी म्हणाली. "त्या वाघाला मी वलखत नाय. माझा पोरगा बोंबील टाकायचा. बाय, तू सांग. एकदा तरी कोनी त्याच्यावर हसू दे माझ्यासमोर."

आठवडाभर मी दोन भाषणं पाठ केली. वाघाचं आणि दुसरं.

स्मृतिदिनाला मावशी पहिल्या रांगेत बसली होती, अंगावर शाळेनं दिलेली शाल. बन्सीदादा दाराशी उभा. मी माइक धरला, आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि म्हणाले, "धीरजदादांना बोट लागायची."

लिंबू, आलं, बापाचा मार, धीरजबाय, सगळं सांगितलं. अगदी नक्कल करून. आठवीतला एक जण फिसकन हसला, पण सरांनी डोळे वटारले. पाहुण्यांनी मान खाली घातली. मॅडम माझ्याकडे अशा बघत होत्या की मी माइक खाली ठेवावा. मी "जिथं पानी नाय तिथं धाडा" पर्यंत आले, तेव्हा मावशी हसली, किनाऱ्यावर हसली होती तशीच. अख्ख्या हॉलमध्ये तेवढाच आवाज. तिनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. सगळे पुतळ्यासारखे बसलेले. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि तीही गप्प झाली.

नंतर लोक रांगेनं येऊन तिला हात जोडून गेले. बोललं कुणीच नाही. माझ्याशीही नाही. नाहीतर एरवी भाषण झालं की मुली मला घेरतात.

फाटकाशी बन्सीदादानं बाइक काढली. मला वाटलं, आता ओरडतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. मावशी मागे बसली तसा म्हणाला, "झालं समाधान?"

"नाय."

त्यानं किक मारली. गाडी सुरू झाली, तरी तो तसाच थांबून होता.

"बोटीत पंढरीकाकाच्या डोक्यावर वकलेला तो एकदा," समोर बघत तो म्हणाला.

"डोक्यावर नाय, टोपीत," मावशी म्हणाली. "आनि पंढरीनं न बघताच घातली."

बन्सीदादाचे खांदे हसण्यानं हलायला लागले. मला पुढचं ऐकायचं होतं. मी दोन पावलं पुढे झाले, पण गाडी निघाली. वळणापर्यंत मावशी त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती. मी फाटकात एकटी उभी होते.