मूठ मावते तोवर

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. वाटण वाटायचा पाटा नव्हे; त्याचं नशीब थोर, तो निदान रोज धुतला तरी जातो. मी पिकअप गाडीच्या कमानीतला पाटा. मागच्या चाकांच्या दांड्यावर पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि गाडीतलं सगळं ओझं त्यांच्यावर येतं. त्यातली सगळ्यात वरची, सगळ्यात लांब पट्टी म्हणजे मी. आज माझ्या अंगावर गंजाचे पापुद्रे सुटले आहेत. फरशीच्या दुकानाचं फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याच्यापुढे टाकलं आहे. येणारा-जाणारा मला पायाने सरकवतो. गरज सरो आणि वैद्य मरो ही म्हण माणसांनीच केली. स्वतःला चांगलं ओळखून केली, असं मला वाटतं.

माझा जन्म भट्टीतला. मला लाल होईपर्यंत तापवलं, साच्यात दाबून वाकवलं आणि तसंच तेलात बुडवलं. माझी दोन्ही टोकं वळवून त्यांना भोकं ठेवली. कारखान्यात त्यांना डोळे म्हणतात. त्या डोळ्यांनी मी पुढचं सगळं पाहिलं, पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. माझ्याखाली माझी धाकटी भावंडं बसवली, प्रत्येक थोडं आखूड. सगळ्यांच्या पोटातून एकच बोल्ट गेला. त्या बोल्टने आम्हाला जसं बांधून ठेवलं, तसं या घरातल्या माणसांना कशानेही बांधून ठेवलेलं मी पाहिलं नाही.

आमची गाडी एका फरशीवाल्यांनी घेतली. घरांच्या फरश्या, जिन्याच्या पायऱ्या, ओट्याचे दगड, असा त्यांचा धंदा. दुकानात त्यांची बायको बसायची आणि गिऱ्हाइकांना नमुने दाखवायची. गाडी मात्र ते स्वतः चालवायचे. माल चढवायला हमाल असायचा, पण पहिली पेटी उचलणार फरशीवालेच.

फरशी हा माल मोठा लबाड असतो, मित्रांनो. कापूस हौदा भरून वर डोंगराएवढा झाला तरी गाडीला काही वाटत नाही. फरशीच्या पेट्यांचा एक थर पडला, हौदा अजून रिकामाच दिसतो, आणि इकडे आमचा जीव कंठाशी येतो. म्हणून फरशीवाल्यांनी आपली एक रीत ठरवली होती. माल चढत असताना ते मागच्या चाकापाशी वाकायचे, उजव्या हाताची मूठ वळायचे आणि चाकाचा माथा नि वरचा पत्रा यांच्या मधल्या फटीत घालायचे. मूठ सहज गेली तर म्हणायचे, “चढव.” मूठ घासली की म्हणायचे, “बस्स. आता एक पायरीसुद्धा नाही.”

“काका, जागा आहे की अजून हौद्यात,” हमाल म्हणायचा.

“हौद्याला काय विचारतोस? त्याला पोट आहे, पाठ नाही. मूठ मावते तोवरच.”

ही रीत बिनचूक होती, कारण तिच्यामागे मी होतो. ओझं वाढलं की मी सपाट व्हायचो, गाडी मागून खाली बसायची आणि फट कमी व्हायची. मला जीभ नाही. वाकणं हेच माझं बोलणं होतं आणि त्यांच्या मुठीला ते ऐकू यायचं. अशी कितीतरी वर्षं आमचा संसार चालला. माल उतरल्यावर ते चाकावर थाप मारायचे आणि म्हणायचे, “शाबास रे!” ती थाप टायरला बसायची, पण शाबासकी कोणाची हे मला आणि त्यांना ठाऊक होतं.

मग त्यांचा मुलगा धंद्यात आला. पोरगा वाईट नव्हता, हे मी कडू तोंडाने का होईना, पण सांगतो. हुशार होता, दुकानाला रंग दिला, नवे नमुने आणले. पण त्याला लोकांच्या नजरेची फार भीती. माल भरला की गाडी मागून बसलेली आणि पुढून नाक वर केलेली दिसायची. बांधकामावरचे लोक थट्टा करायचे, “आली बघा तुमची म्हातारी, ढुंगण टेकत टेकत!” फरशीवाले त्यांच्याबरोबर हसायचे. मुलाचे कान लाल व्हायचे.

“बाबा, आपली गाडी बघून लोक आपली किंमत करतात,” तो एकदा जेवणाच्या वेळी दुकानात म्हणाला.

“करू देत. फरशी सपाट असली म्हणजे झालं, गाडी कशाला सपाट पाहिजे?”

“आणि तुमची कंबर? रिकामी गाडी किती उडते, रोज कण्हत येता.”

कंबरेचं नाव निघालं आणि आईने मुलाची बाजू घेतली. “अहो, तो तुमच्या भल्याचंच सांगतोय. गाडी दाखवून तरी आणा.” झालं. माझी वरात कमानी बसवणाऱ्या मिस्त्रींच्या दारात गेली.

मिस्त्री गाडीखाली आले, माझ्या अंगावरून बॅटरी फिरवली आणि म्हणाले, “पाटे चांगले आहेत. थोडे दमलेत, पण मोडलेले नाहीत.” दमलेत! इतक्या वर्षांत हे ओळखणारा पहिला माणूस परकाच निघाला.

मग त्यांनी माझ्या सवती एकेक करून पुढे मांडल्या. पहिली, एक जादा पाटा. “मजबूत काम. गाडी बसायची कमी होईल. पण रिकामी असली की जास्त आपटेल. बाबांच्या कंबरेला हे नको.” दुसरी, वेटोळ्यांची जाड स्प्रिंग, आमच्या शेजारी उभी करायची. “स्वस्त आहे, लवकर बसते. पण खड्ड्यात आवाज करते आणि तिच्या बैठकीचे बोल्ट ढिले होतात, सारखं बघावं लागतं.” तिसरे हवेचे फुगे. जाड रबराचे, काळेकुळकुळीत, गोल गरगरीत. “ओझं असलं की हवा भरायची, गाडी अगदी सरळ उभी. रिकामी असली की हवा सोडायची, गाडी मऊ चालते. सगळ्यात सुख याच्यात.”

मुलाचा जीव फुग्यांवर बसला. मलाही खोटं बोलायचं नाही. चीज चांगली होती. दोष चिजेत नव्हता. मिस्त्रींनी हात पुसता पुसता पुढे सांगितलं, “पण एक ध्यानात ठेवा. फुगे गाडीला उभं करतात, ताकद देत नाहीत. दांडा तोच, ब्रेक तेच, टायर तेच. आज जेवढा माल नेता तेवढाच न्यायचा. गाडी सरळ दिसते म्हणून फसू नका.”

“हो हो,” मुलगा म्हणाला. तेव्हा तो मोबाइलवर फुग्यांचा फोटो काढत होता. आणि फरशीवाले? ते बाहेर तेलाच्या डब्यावर बसून चहा पीत होते. त्यांच्या कानावर यातलं अक्षरही गेलं नाही.

बाहेर येऊन मुलाने बापाला एवढंच सांगितलं, “बाबा, आता आपली गाडी कधी बसणार नाही!” त्याच आठवड्यात त्याने त्यांच्यासाठी कंबरेला बांधायचा रुंद पट्टाही आणला. पट्टा बांधला की फरशीवाले ताठ दिसायचे. दुखणं पट्ट्याच्या आत असायचं. आई म्हणाली, “बघा, दहा वर्षांनी तरुण दिसताय.” ते खूश झाले.

नव्याचे नऊ दिवस खरोखर छान गेले. रिकामी गाडी हलक्या पावलाने चालायची, त्यांचं कण्हणं कमी झालं. बांधकामावरचे थट्टा करणारे गप्प बसले. माझ्या डोक्यावर ते फुगे फुगून बसायचे आणि मला वाकूच द्यायचे नाहीत. ओझं येतंय हे मला कळायचं, दांड्याला कळायचं, टायर तर मुक्यानेच रडायचे. पण सांगणार कसं? माझं बोलणं वाकण्यात, आणि माझ्या तोंडात बोळा कोंबलेला.

आणि मित्रांनो, फरशीवाल्यांनी आपली जुनी रीत सोडली नाही. रोज वाकायचे, मूठ घालायचे. मूठ आरामात मावायची. ती पहिल्यापासूनच मावणार होती, कारण फट आता माझ्या हातात नव्हती, हवेच्या हातात होती. त्यांना वाटलं, गाडीच्या अंगात बळ आलं. आज दोन पेट्या जास्त, उद्या चार. दिसतं तसं नसतं म्हणूनच जग फसतं. हे वाक्य दुकानाच्या भिंतीवर नमुन्यांच्या फळीशेजारी रंगवलेलं होतं, गिऱ्हाइकांसाठी.

शेवटच्या दिवशी उताराखालच्या एका मोठ्या घरासाठी जिन्याच्या पायऱ्या आणि फरशी न्यायची होती. मुलगा म्हणाला, “बाबा, दोन खेपा करायच्या की एकच?”

फरशीवाले चाकापाशी वाकले. मूठ घातली. मूठ मावली, वर बोटभर जागाही उरली. “एकच,” ते म्हणाले.

हमाल डोकं खाजवत उभा राहिला. “काका, रोजच्यापेक्षा फार झालंय. हौदा बघा की.”

“हौद्याला काय विचारतोस?” ते हसले. “मूठ मावतेय ना? मग चढव.”

मुलगा तिथेच उभा होता. मिस्त्रींचं वाक्य त्याने ऐकलेलं होतं. त्या क्षणी त्याला ते आठवलं की नाही, मला माहीत नाही. तो बोलला नाही, एवढं मात्र मी पाहिलं. गिऱ्हाइकाचा फोन आला आणि तो “निघालीच गाडी” असं सांगत आत गेला.

उतारावर ब्रेक तापले. फरशीवाल्यांनी पाय दाबला, गाडी थोडी मंदावली आणि पुन्हा सुटली. वळणावर मागचा उजवा टायर फुटला आणि गाडी उजव्या कुशीवर आडवी झाली. मी डाव्या बाजूचा, म्हणून मी वर राहिलो, उन्हात. माल खडखडत उतारावरून खाली गेला. फरशीवाल्यांना कोपर खिडकीबाहेर ठेवून गाडी चालवायची सवय होती. त्यांचा उजवा हात दाराखाली सापडला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते फक्त पुन्हा पुन्हा म्हणत होते, “पण मूठ मावली होती. मी बघितलं होतं, मावली होती.” ते ऐकून माझं पोलाद तुटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ते जगले. हातही राहिला, पण बोटं मिटेनात.

गाडी उचलून मिस्त्रींच्या दारात नेली. नातेवाईक जमले. आता दोष कोणावर तरी टाकायला हवाच. मुलाने माझ्याकडे बोट दाखवलं. “पाटे जुने होते. तेच दगा देऊन गेले.” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मिस्त्रींचा आवाज चढला. “पाट्यांनी काय केलं? मी तुला सांगितलं नव्हतं? माल तेवढाच न्यायचा म्हणून?”

तेव्हा आई पुढे आली. “तुला सांगितलं होतं यांनी?”

मुलाने माझ्यावर रोखलेलं बोट खाली घेतलं.

“मग तू बाबांना का नाही सांगितलंस?”

“त्यांनी कुठे विचारलं?” तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग एक काका म्हणाले, “जाऊ द्या, नशिबात होतं,” आणि सगळ्यांनी नशिबाला धरून आपापल्या घरची वाट धरली. नशिबाचं एक बरं असतं, ते उलट उत्तर देत नाही. माझंही तसंच आहे.

दुरुस्त गाडीला नवे पाटे आले, नवे फुगेही आले. ती आता मुलगा चालवतो. माल किती भरायचा, हे तो आता वजनकाट्यावर बघतो. शहाणपण आलं, पण दुसऱ्याच्या हाताच्या मोलाने आलं. आम्हा भावंडांचा बोल्ट सोडला. बाकीची भंगारात गेली. मला फाटकासाठी ठेवलं.

फरशीवाले आता दुकानाच्या दारात खुर्चीवर बसतात. कंबरेचा पट्टा त्यांनी टाकून दिला. आता उचलायचंच काही नाही. काल दुपारी दुकानात कोणी नव्हतं. ते हळूच उठले आणि माझ्यापाशी येऊन उकिडवे बसले. मी जमिनीवर पालथा पडलेला, पोटाखाली माझी जुनी कमान अजून थोडी शिल्लक आहे. त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं वळवून पाहिली. वळली नाहीत. मग डाव्या हाताची मूठ केली आणि माझ्या कमानीखाली घातली.

मुलगा आतून आला. “बाबा, काय करताय तिथे?”

“बघतोय,” ते म्हणाले. “हा अजून खरं बोलतो का.”

मुलगा पुढे आला. त्याने बापाला उठायला हात दिला. त्यांनी तो घेतला नाही, फाटकाला धरून स्वतःच उठले.

मित्रांनो, मला रंग लावा, तेल लावा असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं झालं ते झालं. पण तुमच्या घरात कोणी ओझ्याने वाकताना दिसलं, तर त्याला ताठ उभं करणारी वस्तू बाजारातून आणायला धावू नका. आधी त्याच्या पाठीवरचं थोडं उतरवा. आणि तुम्हाला काही कळलेलं असेल, तर त्याने विचारायची वाट पाहू नका.