सक्तीची नसलेली लस

दवाखान्यातल्या बाकाखालून गुंडाला बाहेर काढायला मशीनबाई गुडघ्यांवर बसल्या, तेव्हा त्याने चारही पाय फरशीत रोवले होते. पट्टा ताणला की त्याच्या मानेची कातडी गोळा होऊन कानांपर्यंत चढायची आणि डोळे आणखीच मोठे दिसायचे. तो भुंकत नव्हता, गुरगुरत नव्हता. नुसता थरथरत होता, आणि त्या थरथरीने बाकाचा सैल पाय फरशीवर टकटक वाजत होता.

"ओढू नका," बाकावर बसलेले मास्तर म्हणाले. "आपल्याआधी अजून दोघं आहेत. बसू दे त्याला तिथेच."

बाई उठल्या, गुडघे झटकले आणि त्यांच्या शेजारी बसल्या. मास्तर त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. तीस वर्षं त्यांनी लहान मुलांना पोहायला शिकवलं होतं. आता निवृत्त होते, एकटेच होते. बाईंचं तळमजल्यावरचं शिवणकाम पहाटेपासून चालायचं, म्हणून सगळी गल्ली त्यांना मशीनबाई म्हणायची. मशीनच्या आवाजाबद्दल मास्तरांनी कधी तक्रार केली नव्हती, एवढीच काय ती दोघांची जवळीक. पण परवा जिन्यात भेटले तेव्हा आपणहून म्हणाले, "गुंडाला दवाखान्यात नेताय ना? मी येतो. दोन हात जास्त असलेले बरे."

बाईंनी नको म्हटलं नाही. गेल्या वर्षी सक्तीची लस टोचून घेताना गुंडाने मान मागे खेचली, पट्ट्यातून निसटला आणि भर रहदारीचा रस्ता ओलांडून पसार झाला. तीन तासांनी सापडला तो पत्र्याच्या दुकानामागे, पिंपांच्या फटीत. पुढचे दोन दिवस तो शिवणमशीनच्या खालून हलला नाही, अन्नाला शिवला नाही. पिल्लू असताना त्याने एका गिऱ्हाइकाच्या पडद्यांची झालर फाडली होती, तेव्हा हे नाव पडलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. छत्री उघडली की हा गुंडा पलंगाखाली.

आणि आजची लस तर सक्तीचीही नव्हती.

आत बोलावलं तेव्हा मास्तरांनी त्याला उचलूनच नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी गुंडाला टेबलावर ठेवू दिलं नाही. त्या स्वतःच खाली फरशीवर मांडी घालून बसल्या आणि त्याच्याकडे न बघता त्याचं लसीकरणाचं पुस्तक चाळू लागल्या.

"काकू, सक्तीची लस झालेली आहे. उरल्या दोन. त्या द्यायच्या की नाही ते तुम्ही ठरवायचं."

"तुम्हीच सांगा ना," बाई म्हणाल्या.

"माहिती मी सांगते. त्याला ओळखता तुम्ही." डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. "पहिली आहे ती उंदरांपासून होणाऱ्या तापाची. उंदरांची लघवी साचलेल्या पाण्यात उतरते, कुत्रा ते पाणी पितो. मूत्रपिंडं निकामी होतात. तुमच्याकडे उंदीर आहेत?"

"गल्लीच्या तोंडाशी धान्याचं गोदाम आहे," मास्तर म्हणाले. "तिथले उंदीर मांजरालाही भीत नाहीत."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग ही मी देईन."

"दिल्यावर काही होतं?" बाईंनी विचारलं.

"एखादा दिवस मलूल राहील. क्वचित एखाद्याचं तोंड सुजतं, त्यावरही औषध आहे. बहुतेक कुत्र्यांना काहीच होत नाही."

बहुतेक. बाईंचा हात आपसूक कॉलरीकडे गेला.

दोन महिन्यांपूर्वी मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननेही हाच शब्द वापरला होता. बाईंच्या गळ्याच्या उजव्या बाजूला, हाताला लागेल अशी गाठ आली होती. काढू आणि तपासायला पाठवू, बहुतेक साधीच असेल, असं तो म्हणाला होता. घरी येऊन बाईंनी आधी काय केलं, तर स्वतःच्या चार कपड्यांच्या कॉलरी उसवून दोन बोटं उंच करून घेतल्या. लेक परगावी होता, दर रविवारी फोन करायचा. त्याला त्यांनी काही सांगितलं नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली, ती त्यांनी पुढे ढकलली. चार दिवस राहावं लागेल, कुत्र्याची सोय नाही, असं सांगितलं. फोनवरच्या मुलीने पुढची तारीख दिली. मग कुत्र्यांचं एक हॉस्टेल सापडलं. तिथल्या माणसाने सांगितलं की खोकल्याची लस टोचलेली असेल तरच ठेवून घेतो, आणि तीही निदान दोन आठवडे आधी टोचलेली हवी. आज ऑपरेशनच्या तारखेला सोळा दिवस उरले होते.

"दुसरी खोकल्याची," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "ती मात्र तो बाकीच्या कुत्र्यांबरोबर राहणार असेल तरच. कुठे ठेवणार आहात का त्याला?"

गुंडाने शेजारी फरशीवर बसलेल्या बाईंच्या काखेत तोंड खुपसलं होतं. त्याचा श्वास त्यांच्या बरगड्यांवर गरम लागत होता.

"नाही," बाई म्हणाल्या.

"प्रवास वगैरे? घाई असेल तर आजच देता येईल, म्हणून विचारते."

"नाही. घाई काही नाही."

मास्तरांनी गुंडाच्या पाठीवरचा हात हलवला नाही.

"मग सोडून देऊ ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतका घाबरतोय, तर एका सुईवरच भागवू."

हेच ऐकायला बाई आल्या होत्या. चार दिवस त्या मशीनवर बसल्या बसल्या हॉस्पिटलला फोनवर सांगायचं वाक्य घोळवत होत्या: डॉक्टरच नको म्हणाल्या, त्याला झेपणार नाही, मग हॉस्टेलवाले घेत नाहीत. आता त्या वाक्यात खोटं फारसं उरलं नव्हतं. छातीवरचं ओझं उतरलं. पण उतरलं त्या जागी गार काहीतरी येऊन बसलं, आणि ते हलेना.

डॉक्टरीणबाईंनी सुई पाठीमागे लपवून आणली. मास्तरांनी गुंडाच्या छातीखालून एक हात घातला, दुसरा कुल्ल्यांवर ठेवला. त्यांनी जोर लावला नाही, नुसते हात ठेवले. तरी गुंडाला कळलंच. त्याच्या घशातून एक बारीक, सरळ रेघ ओढल्यासारखा आवाज निघाला. फरशीवर ओल पसरली. बाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि डोळे मिटून घेतले.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुई केव्हाच निघाली होती. गुंडाला ते कळलं नव्हतं. तो तसाच थरथरत राहिला. बाईंनी डोळे उघडले तेव्हा आपलेही दात घट्ट आवळलेले आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं.

पंधरा मिनिटं थांबा, तोंडावर सूज येत नाही ना बघा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. म्हणून दोघं बाहेरच्या पायरीवर बसली. मधे गुंडा. समोर एक माणूस सायकलला हवा भरत होता. पंपाच्या प्रत्येक दाबाला गुंडाचे कान मागे पडत होते.

"घाई नाही असं सांगितलंत," मास्तर म्हणाले.

"नाहीच आहे."

मास्तर सायकलवाल्याकडे बघत होते. "मागच्या मंगळवारी मला हॉस्पिटलातून फोन आला होता. तुमचा लागत नव्हता म्हणे. फॉर्मवर माझा नंबर आहे."

बाईंना तो फॉर्म आठवला. जवळची व्यक्ती, असा रकाना होता. लेकाचा नंबर लिहिला तर खिडकीतली बाई म्हणाली, ते लांब आहेत, हाकेच्या अंतरावरचं कुणी लिहा. पाण्याचा पंप बंद पडला की फोन करायचा म्हणून मास्तरांचा नंबर पाठ होता. तो लिहून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

"काय म्हणाले?"

"तारीख नक्की आहे ना, विचारत होते. मी म्हटलं, त्यांच्याशी बोलून सांगायला सांगतो."

"मग बोलला नाहीत."

"नाही. वाटलं, तुम्ही सांगाल."

आठ दिवस. आठ दिवस हा माणूस जिन्यावरून जाता-येता बरंय ना एवढंच विचारत होता. बाईंना राग आला, पण तो नेमका कुणाचा ते ठरवता येईना.

"मुलालासुद्धा सांगितलेलं नाही मी."

"मीही कुणाला सांगितलेलं नाही," मास्तर म्हणाले. मग गुंडाच्या कानामागे खाजवत, काही विशेष नसल्यासारखं त्यांनी पुढे सांगितलं, "याची अडचण असेल तर तो माझ्याकडे राहील. हॉस्टेल नको. दुसरी लसही नको."

केवढी सोपी गोष्ट होती. दोन महिने त्या या कुत्र्याच्या आडोशाला उभ्या होत्या, आणि आता मास्तरांनी त्याला अलगद उचलून बाजूला ठेवलं होतं.

"जिने आहेत," त्या घाईने म्हणाल्या. "दिवसातून तीनदा खाली आणावं लागतं. तुमचे गुडघे."

"आणीन. सावकाश."

"अनोळखी घरात खायचा नाही तो."

"मग तुमच्या घरात खाऊ घालीन. किल्ली द्या."

"विजा चमकल्या की वेड्यासारखं करतो. मशीनखाली मी जवळ बसले तरच गप्प होतो."

"बसेन मी."

"तुम्ही मशीनखाली?"

"मशीनखाली नाही मावणार," मास्तर म्हणाले. "शेजारी बसेन."

बाईंनी आणखी काही शोधलं. सापडलं नाही. त्यांनी गुंडाची हनुवटी वर करून त्याच्या ओठांवरून, डोळ्यांभोवती बोटं फिरवली. सूज नव्हती. नाक ओलं होतं. सायकलवाला पंप गुंडाळून निघून गेला, तेव्हा कुठे कुत्र्याने पहिल्यांदा अंग सैल सोडलं.

"भूल दिल्यावर काही कळत नाही म्हणतात," बाई म्हणाल्या.

"नाही कळत."

"मला तेच नको आहे." त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या. "दुखायचं दुखू दे. दुखण्याला मी कधी भ्याले नाही. पण चाळीस वर्षं मी कापड स्वतः बघितल्याशिवाय त्याला कुणाची कात्री लागू दिली नाही. आणि तिथे नुसतं निजून राहायचं. नंतर कुणीतरी येऊन सांगणार, काय निघालं ते. किंवा ऐकायला मीच नसणार."

मास्तर 'काही होणार नाही' असं म्हणाले नाहीत. 'बहुतेक' असंही म्हणाले नाहीत. बाई वाट बघत होत्या तो शब्द येण्याची, म्हणजे चिडता तरी आलं असतं. तो आला नाही.

"भीती वाटते मला," शेवटी त्याच म्हणाल्या. मोठ्याने बोलल्यावर ते वाक्य फारच छोटं निघालं. गुंडाने मान वळवून बघितलं, बहुधा आवाज ओळखीचा वाटला नाही म्हणून.

"हो," मास्तर म्हणाले.

दवाखान्याचं दार उघडून डॉक्टरीणबाईंनी डोकावलं. "सूज नाही ना? मग जा घरी. उद्या झोपून राहिला तर राहू दे, उठवू नका."

गुंडा उठून उभा राहिला आणि घराच्या दिशेने पट्टा ओढू लागला. बाई लगेच उठल्या नाहीत.

"त्याची एक सुई वाचली," त्या म्हणाल्या.

"वाचली."

"माझी नाही वाचत."

"नाही."

बाईंनी पट्टा हाताला दोन वेढे दिला, मग एक सोडवला. "तिथे सोबत येऊ देतात का कुणाला?"

"आतल्या दारापर्यंत," मास्तर म्हणाले. "विचारलंय मी."

पुढे काय, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. दाराच्या पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. सर्जनच्या खोलीतून बाहेर पडताना त्यांनी ऑपरेशनच्या खोलीच्या पांढऱ्या दाराकडे पाठ करूनच बोळ ओलांडला होता. त्यांनी पायरीलगतचा खांब धरला आणि त्या उभ्या राहिल्या.

"सकाळी सातला बोलावतात," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी."

"मग सहाला निघू. त्याला आधी फिरवून आणतो."

बाईंनी पट्टा मास्तरांच्या हातात दिला. गुंडा दोन पावलं गेला, थांबला, वळून बघितलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. मास्तरांनी पट्टा ओढला नाही, तेही थांबले. तिघं तशीच उभी होती. मग गुंडाने एक पाऊल पुढे टाकलं, आणि तो मास्तरांबरोबर कसा चालतो ते नीट बघत बाई दहा पावलं मागून निघाल्या.