सोनेरी घोड्यांचं फाटक

आमच्या तोर्त-तेरेक गावाला पोसतं कोण, असं पेट्रोलपंपावर बसलेल्या पुरुषांना विचारून बघा. ते आधी थुंकतील, मग म्हणतील, मेंढ्या. त्यातला एखादा स्वतःला शहाणा समजणारा म्हणेल, मॉस्को. मेंढ्या वर्षातून एकदा विकल्या जातात आणि त्यात जेमतेम एक लग्न उरकतं. मॉस्कोहून पैसे येतात तेव्हा येतात. माझ्या नवऱ्याचे यायचे थांबले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्याबरोबर नवराही थांबला.

गावाला पोसत होती ती शाळा. मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण वीस वर्षं शाळेच्या फाटकासमोर तंदूर लावून उभी होते. शाळेला सुट्टी लागली की गावात काय काय थांबतं ते तिथून स्वच्छ दिसायचं. गावात महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारी माणसं तीस, ती सगळी शाळेची. त्यातल्या नऊ शिक्षिका बाहेरगावच्या, म्हणजे नऊ घरांत एकेक खोली भाड्याने गेलेली. शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्या शेजारणीची गाजरं जायची, पलीकडच्या गोठ्यातलं दूध जायचं. कोळशाचा ट्रक एवढ्या चढावर यायचा तो शाळेच्या भट्टीसाठी, आणि आलाच आहे तर आमच्याही अंगणात दोन पोती टाकून जायचा. आणि दुपारच्या सुट्टीत वरच्या वर्गातली मुलं माझे समसे खायची, म्हणजे मटण-कांदा भरून तंदूरात भाजलेले सामोसे. लहानग्यांना आया घरूनच पोळी देतात. समसा विकत घेतो तो चौदा-पंधरा वर्षांचा भुकेला गडी. तेव्हा माझं घर कशावर चालायचं ते कळलं असेल.

हे तोलोगोनला कधी कळलं नाही. तो माझ्याच वर्गात होता. गणिताच्या पेपरात मी त्याला माझी वही दिसेल अशी धरायचे, याचा मला आता पश्चात्ताप होतो. गावातला पेट्रोलपंप त्याचा, दुकान त्याचं, आणि तीन वर्षांपूर्वी त्याने एक मिनीबस घेतली. तालुक्याच्या गावात पैसे भरून शिकायची शाळा निघाली होती. त्याची दोन मुलं तिथे गळ्यात टाय बांधून जायला लागली, आणि बस रिकामी कशाला न्यायची म्हणून त्याने बाकीच्या जागा विकायला काढल्या. पहिल्या वर्षी नऊ मुलं गेली, तिसऱ्या वर्षी चोवीस. सगळे त्याला तोलोगोन बाइके म्हणून वाकायला लागले. बाइके म्हणजे थोरला भाऊ. असा थोरला भाऊ वैऱ्यालाही मिळू नये.

एप्रिलच्या शेवटी मुख्याध्यापिका दिलदेबाईंनी गावाची बैठक घेतली. दिलदेबाई म्हणजे बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलंय आणि आमच्यापैकी कोणाकडूनच त्यांच्या आता फार अपेक्षा उरलेल्या नाहीत.

"पाचवी ते अकरावीत मिळून साठ मुलं लागतात," त्या म्हणाल्या. "आपल्या पटावर त्रेसष्ट आहेत. मेच्या तिसऱ्या गुरुवारी जिल्ह्याहून माणूस येऊन बाकांवरची डोकी मोजणार. साठच्या खाली भरली तर वरचे वर्ग बंद. फक्त चौथीपर्यंतची शाळा उरेल."

मी मनातल्या मनात चौथीपर्यंतची मुलं माझ्या तंदूरसमोर उभी केली. ती सगळी हातातली घरची पोळी खात होती. माझी नणंद मॉस्कोत एका खानावळीत भांडी घासते. दर रविवारी फोनवर सांगते, तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीये. दर रविवारी मी सांगते, मेरिमची शाळा होऊ दे. मेरिम माझी मुलगी, नववीत आहे. तिला सोडून जायचं तर जावेच्या घरी ठेवावं लागलं असतं, आणि माझी जाऊ कशी आहे ते गावाला माहीत आहे.

"त्रेसष्ट आहेत ना, मग झालं तर," तोलोगोन म्हणाला. त्याने डोक्यावरची पांढरी उंच कलपाक टोपी जरा मागे सरकवली. त्याला विचार सुचला की तो असं करतो, त्यामुळे वर्षातून फार वेळा करावं लागत नाही. "आणि तसंही मी हे बघून घेतो. यंदा आमच्या वर्गाला शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली. शाळेला काहीतरी भेटवस्तू द्यायचीच आहे. नवं फाटक करायला टाकलंय मी. दोन सोनेरी घोडे, पुढचे पाय वर उचललेले. त्याच गुरुवारी मेजवानी ठेवू. साहेब फाटक बघेल, जेवेल, सही करेल."

आमच्याकडे प्रत्येक वर्ग असं करतो. कोणी टीव्ही देतो, कोणी कारंजं देतो. आमच्या शाळेत दोन कारंजी आहेत आणि संडासाला दार नाही.

"मेजवानी शुक्रवारी घ्या," दिलदेबाई म्हणाल्या. "गुरुवारी मला मुलं बाकांवर हवीत. बाकी काही नको."

"बाई, तुम्ही फार पुस्तकी. शुक्रवारी साहेब निघून गेलेला असेल. मेंढ्याचं डोकं कोणासमोर ठेवू मग, तुमच्यासमोर?"

पुरुष हसले. मानाच्या पाहुण्यापुढे उकडलेलं डोकं ठेवायचं असतं, ते दिलदेबाईंपुढे ठेवायची कल्पना त्यांना फार विनोदी वाटली. ज्या बाईने त्यांना अक्षरं शिकवली, तिच्यापुढे.

"फाटकाऐवजी," मी म्हटलं, "तुझ्या बसमधली चोवीस पोरं परत आणलीस तर मोजायची भानगडच उरणार नाही."

"बुबुसारा, तू समसे कर," तोलोगोन म्हणाला. "खरंच सांगतोय, चारशे लागतील. सकाळी अकरापर्यंत."

आणि मी हो म्हटलं. हेही लिहून ठेवते, नाहीतर मी फार शहाणी दिसेन.

आता मेजवानी म्हणजे काय. आडवे पडून खाणारे दोनशे पाहुणे, आणि त्यांना चहा ओतणारे, पाणी आणणारे, आतडी धुणारे, चहाच्या पाण्याचा सामोवार फुंकणारे, घोडे धरणारे हात. हे हात आमच्याकडे कुठून येतात? आठवी ते अकरावीतून. पिढ्यानपिढ्या असंच आहे. मी स्वतः दहावीचं अर्धं वर्ष लोकांच्या पेल्यांत चहा ओतण्यात घालवलंय. तेव्हा त्या आठवड्यात तोलोगोनची बायको दारोदार फिरली. कोणाकडे साठ मुलं मागितली नाहीत तिने. प्रत्येक घरात एकच मागितलं, तेही दोन तासांसाठी. एकाने काय फरक पडतो, असं प्रत्येक आईला वाटलं. बसमध्ये मुलगा बसवतानाही प्रत्येकीला असंच वाटलं होतं.

गुरुवारी पहाटेपासून मी तंदूरपाशी होते. फाटक बसवलेलं होतं, पण फीत कापायची बाकी म्हणून त्याला निळ्या कापडात गुंडाळून दोरीने आवळलं होतं. आतले घोडे कापडातून डोकी वर काढत होते. मेरिम दप्तर पाठीला लावून आली.

"आई, मी जाते. आज मोजणी आहे."

"तेवढा कांदा चिरून दे, मग जा."

"बाईंनी आठला बोलावलंय."

"जिल्ह्याची माणसं बारा वाजल्याशिवाय येतात का कधी? कांदा चिर."

तिने दप्तर खाली ठेवलं. मी तिला उगाच चांगलं वळण लावलंय.

साडेआठला एक पांढरी गाडी येऊन थांबली. पंचविशीची एक किडकिडीत मुलगी उतरली. हातात पाण्याची बाटली, काखेत फाइल. मला वाटलं औषधं विकणारी असेल.

"एजे, आत कुठून जायचं?" तिने विचारलं. ताई म्हणायची आमची रीत तिने सोडली नव्हती, तेवढं बरं वाटलं.

"फाटक दुपारी उघडणार आहे," मी म्हटलं. "तिकडे कुंपणाला भगदाड आहे, मुलं तिथूनच जातात. समसा खाणार? गरम आहे."

"कामावर असताना नाही खात." ती वाकून भगदाडातून आत गेली.

पाऊण तासाने ती तिथूनच बाहेर आली. गुडघ्याला लागलेली माती झटकली आणि फाइलीत काहीतरी लिहीत उभी राहिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"तुम्ही मोजायला आलात का?"

"मोजून झालं. सत्तावीस."

"बाकीची आहेत ना. नदीपलीकडे आहेत, मेजवानीला मदत करायला गेलीयेत. आत्ता येतील."

"कसली मेजवानी?"

"तुमच्यासाठी ठेवलीये."

"माझ्यासाठी?" तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कापडातल्या घोड्यांकडे, मग मेरिमकडे. मेरिमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कांद्याने. "तू कितवीत आहेस?"

"नववीत."

"नाव?"

मेरिमने नाव सांगितलं. मोजणीवाल्या मुलीने यादीवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "इथे गैरहजर आहेस."

"आत्ता जाते ती," मी म्हटलं. "चाळीस पावलंही नाहीत. अठ्ठावीस करा. ही धावत जाऊन बाकीच्यांना घेऊन येईल, अर्धा तास थांबा."

"एजे, मला आज अजून तीन शाळा आहेत. पहिल्या तासाला बाकावर असतील तीच लिहायची, असा नियम आहे." ती जरा घुटमळली. "तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला थांबायला सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, जे आहे ते लिहा."

ती गेली. मेरिम कांदा चिरत राहिली. आता जा म्हणायला मला तोंड नव्हतं.

मी नदीपलीकडे जाऊन तोलोगोनला सांगितलं. कुरणावर तंबू लागले होते, पातेली चढली होती, अकरावीची मुलं मेंढ्याचं डोकं जाळावर भाजून खरवडत होती.

"बाई होती?" तो म्हणाला. "तरुण? मग ती कारकून असेल. साहेब मागून येतोय."

"साहेब नाहीये. तीच होती. सत्तावीस लिहून गेली."

"परत येईल. एवढ्या लांब येऊन कोण उपाशी जातं?"

तीन वाजेपर्यंत वाट पाहिली. उकडलेलं डोकं थाळीत ठेवलेलं, वर चरबी गोठत चाललेली, भोवती दोनशे भुकेली माणसं. शेवटी म्हाताऱ्यांनी डोकं तोलोगोनसमोरच सरकवलं, कारण कोणासमोर तरी सरकवायला हवं होतं. त्याने जराही न लाजता सुरी उचलली. डोक्याचा कान कापून मुलाला देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. त्याने तो आपल्या टायवाल्या पोराला दिला. पोराने वास घेऊन तो कुत्र्याला टाकला. त्या दिवशी मला आवडलेली तेवढी एकच गोष्ट.

मग फीत कापली. घोडे खरंच सोनेरी होते. खाली पाटी होती, आमच्या वर्गातल्या सगळ्यांची नावं मुंगीएवढी आणि तोलोगोनचं मांजराएवढं. दिलदेबाई शेवटच्या रांगेत उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले.

"बाई, तिला थांबवायचं होतं. आम्ही पोरं आणली असती."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "बुबुसारा, मी तिला काय सांगणार होते? की माझ्या गावाला मुलं शाळेत नकोत, चहा ओतायला हवीत? ते तिने न सांगता पाहिलं." मग त्यांनी माझ्या बाहीला लागलेलं पीठ झटकलं, मी चौथीत असल्यासारखं.

जूनमध्ये पत्र आलं. ऑगस्टपर्यंत बाहेरगावच्या सात शिक्षिका खोल्या सोडून गेल्या. शेजारणीने यंदा गाजरं शेळ्यांना घातली. कोळशाचा ट्रकवाला म्हणाला, चार वर्गांच्या भट्टीसाठी चढ चढणं परवडत नाही. तोलोगोनच्या दुकानात साबणाच्या वड्यांवर धूळ बसली, आणि तो पंपावर बसून म्हणायला लागला की या गावात कोणी काही विकत घेत नाही, लोक आळशी झालेत. दुसरी मिनीबस मात्र त्याने घेतली. तीही भरली, कारण चौथीच्या पुढे शिकायचं तर आता दुसरा रस्ताच नव्हता.

त्या बसचं भाडं आणि त्या शाळेची फी यांची सोय गावात राहून होण्यासारखी नव्हती. पुढच्या रविवारी मी नणंदेला म्हटलं, येते.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मेरिम आणि मी एकाच बसने निघालो. ती तालुक्याच्या शाळेत उतरणार होती आणि मी पुढे जाणार होते. तंदूरवर मी पत्रा टाकून वर दगड ठेवले. जावेला कपड्यांची बोचकी दिली तेव्हा तिने आधी आत काय आहे ते पाहिलं. मेरिमला मी शेवटचे दोन समसे बांधून दिले. ती म्हणाली, त्या शाळेत बाहेरचं खाऊ देत नाहीत. तरी घेतले.

तोलोगोन स्वतः चालवत होता. जुनी मैत्रीण म्हणून त्याने मला पुढची जागा दिली आणि जुनी मैत्रीण असूनही पूर्ण भाडं घेतलं. शाळेवरून जाताना त्याने बस हळू केली.

"बघ कसं चमकतंय," तो म्हणाला. "परत आलीस ना, की इथे पक्की खानावळ टाकू आपण. तुझे समसे, माझी जागा."

"खाणार कोण?"

"येतील लोक. फाटक बघायला येतील."

दुसरीतली दोन पोरं फाटकापर्यंत आली. एकाने उडी मारून कडी धरायचा प्रयत्न केला. कडी मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर होती, आणि शिवाय तिला कुलूप होतं. दोघंही कुंपणाच्या कडेने चालत गेली आणि वाकून भगदाडातून आत शिरली.

"कुलूप कशाला?" मागून मेरिमने विचारलं.

"मुलं हात लावून रंग खराब करतात," तोलोगोन म्हणाला, आणि किल्ली अजून खिशात आहे ना ते चाचपून बघितलं.